बाबांच्या गॅलरीतलं नाक

तिच्या ऑफिसात शिंकेला फार वाईट समजत. माणसाच्या नव्हे, स्टेशनच्या.

ऑफिस तसं चारचौघांसारखंच होतं. उंच इमारत, काचेची दारं, थंडगार हवा आणि कायम बिघडलेलं कॉफीचं यंत्र. फक्त एका भिंतीवर भलामोठा पडदा होता, त्यावर जगाचा नकाशा आणि नकाशाला गोवर उठावा तसे ठिपके. हिरवा ठिपका म्हणजे तिथली हवा बरी, पिवळा म्हणजे चालवून घ्या, लाल म्हणजे खिडक्या लावून घरात बसा, आणि जांभळा असेल तर बोलायलाच नको. प्रत्येक ठिपक्यामागे कुठल्यातरी शहरात, कोणाच्या गच्चीवर नाहीतर शाळेच्या भिंतीवर एक यंत्र बसवलेलं असे. हवा आत ओढायची, तिच्यातली बारीक धूळ मोजायची आणि आकडा पाठवून द्यायचा, एवढंच त्याचं काम. या यंत्रांना सगळे स्टेशन म्हणत. आता यंत्र बिचारं जे दिसेल ते सांगतं, पण त्यातलं खरं कोणतं आणि खोटं कोणतं हे ठरवायला माणसं लागतात. ती त्या माणसांपैकी एक होती.

एखाद्या शहरात आकडा चढला आणि आजूबाजूच्या स्टेशनांवरही चढला, तर ते खरं प्रदूषण. पण शेजारी सगळं शांत असताना एकाच स्टेशनाचा आकडा एकदम आभाळाला टेकला आणि थोड्या वेळात गपकन खाली आला, तर ओळखायचं, की कोणीतरी यंत्राखाली पालापाचोळा पेटवलाय किंवा स्कूटर सुरू ठेवून गप्पा मारत उभं राहिलंय. हीच शिंक. शिंक दिसली की ती आलेखातून काढून टाकायची. ज्याला उठसूट शिंका येतात ते स्टेशन वात्रट आणि ज्याची रेघ कशी सरळ, समजूतदार चालते ते गुणी. अहवालात फक्त गुणी स्टेशनं जात. वात्रटांना आधी ताकीद मिळे, आणि तरी सुधारली नाहीत तर नकाशावरून नारळ.

या नकाशावर एक ठिपका तिच्या बाबांचा होता.

बाबांनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. निवृत्त झाले तरी कुठल्याही इमारतीत शिरले, की आधी कान टवकारून लिफ्टचा आवाज ऐकत आणि मग यजमानांची चौकशी करत. तिसऱ्या मजल्यावर त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. खालून कारखान्यांकडे जाणारा रस्ता, आणि त्यावरून ट्रकांची अखंड रांग. गॅलरीच्या कठड्याची पट्टी सकाळी पुसली तर संध्याकाळी बोट काळं होई. तिची आई त्याच गॅलरीत बसून भाजी निवडायची आणि त्याच घरात खोकून खोकून गेली. डॉक्टरांनी कारण म्हणून काहीतरी लांबलचक लिहून दिलं. त्यात ट्रकांचं नाव कुठे नव्हतं.

ते तिच्या मनात कायमचं रुतलं. वस्तीची हवा वाईट आहे हे सगळ्यांना कळत होतं, पण सिद्ध कोण करणार? शहराचं सरकारी यंत्र पार दुसऱ्या टोकाला, एका बागेत होतं. बागेत हवा चांगली असणारच, त्यात काय मोठंसं! त्या एका हिरव्या ठिपक्यावर सगळं शहर खुशाल होतं. म्हणून मागच्या खेपेला घरी गेली, तेव्हा तिने जेवणाच्या डब्याएवढी एक पांढरी पेटी नेली आणि बाबांच्या गॅलरीत, स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारी खिळा ठोकून टांगली.

"हे काय करतं?" बाबांनी विचारलं.

"हवा आत घेतं, धूळ मोजतं आणि मला सांगतं."

"म्हणजे तू तिकडे बसून इथे नाक खुपसणार." बाबा खूश झाले. त्यांनी पेटीला कान लावला, आतला इवलासा पंखा ऐकला आणि मान डोलावली. "फिरतोय चांगला. तेलपाणी लागेल का?"

"बाबा, हात लावायचा नाही त्याला."

तेव्हापासून त्या पेटीचं नाव नाक पडलं.

ती परत आपल्या कामाच्या शहरी आली आणि थोड्याच दिवसांत नाकाला पहिली शिंक आली. तिच्याकडे दुपार, म्हणजे बाबांच्याकडे सकाळ. ठिपका पिवळ्याचा एकदम जांभळा झाला. तिने हातातलं काम टाकून फोन लावला.

"बाबा, काय झालं? काही पेटलंय का?"

"पाव जळला," बाबा म्हणाले. "तुला कसं कळलं?" आणि मग स्वतःच हसत सुटले. "अगं, नाकाने सांगितलं होय! कमाल आहे. मी खिडकी उघडायच्या आत तुझा फोन!"

तीही हसली. खूप दिवसांनी दोघं इतकं हसले. मग बाबांनी विचारलं, जेवलीस का, थंडी फार आहे का, आणि तुमच्या ऑफिसातली लिफ्ट नीट चालतेय का, मधेच करकरत तर नाही? ती म्हणाली, बाबा, मला लिफ्टचं काय कळतंय, ठेवते आता, मीटिंग आहे.

त्यानंतर नाक वरचेवर शिंकायला लागलं. दर वेळी पाव कसा जळेल? तिने एकदा सरळच विचारलं, "बाबा, सिगरेट ओढलीत ना?"

मग बाबा म्हणाले, "एकच."

तिचा पारा चढला. आईच्या आजारपणात बाबांनी सिगरेट सोडली होती, आणि आता या वयात, एकटे असताना हे थेर! तिने चांगलं फैलावर घेतलं. बाबांनी निमूटपणे ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "बरं. जेवलीस का?"

"विषय बदलू नका."

"नाही बदलत. लिफ्ट काय म्हणतेय तुमची?"

पुढे हे ठरूनच गेलं. शिंक आली की तिचा फोन, आणि फोन उचलला की बाबांचं "बोला इन्स्पेक्टरबाई!" ती रागावायची, ते ऐकायचे. रागवायला असं कितीसं पुरणार? ते संपलं की बाबा हळूच काहीतरी विचारून फोन लांबवत, आणि ती घड्याळाकडे बघत हं, हं करत राही. एरवी बाबा स्वतःहून फोन करत नसत. सुरुवातीला करायचे. पण दर वेळी ती कुठल्यातरी कामात अडकलेली असे आणि नंतर करते म्हणे. ते नंतर कधी आलं आणि कधी आलं नाही. बाबांनी मग त्रास देणंच सोडलं. तिलाही वाटलं, आकडा डोळ्यांसमोर आहे, म्हणजे बाबाही डोळ्यांसमोरच आहेत.

शेजारच्या टेबलावर बसणारा दाढीवाला तिची थट्टा करी. "तुझ्या वडिलांना पुन्हा सर्दी झालीय बघ," म्हणे आणि शिंक काढून टाकी. पण मोठ्या बाईंना थट्टा चालत नसे. मोठ्या बाई म्हणजे त्यांच्या विभागप्रमुख. त्या काही दुष्ट नव्हत्या, फक्त सरळ रेघेवर त्यांचं मनापासून प्रेम होतं. एक दिवस त्यांनी तिला खोलीत बोलावलं.

"त्या ट्रकच्या रस्त्याचं स्टेशन वात्रट आहे. काढून टाकू या."

"बाई, त्या वस्तीत दुसरं स्टेशनच नाहीये."

"म्हणूनच तर. उद्या तुम्ही शहराला सांगाल, की इथली हवा वाईट आहे. ते म्हणतील, हवा नाही, एका म्हाताऱ्याची सिगरेट आहे. काय उत्तर देणार?"

बाई बरोबर बोलत होत्या आणि त्याचाच तिला जास्त राग आला. तो राग बाईंवर काढता येत नव्हता. तिने बाहेर येऊन बाबांना फोन लावला. त्या दिवशी शिंक आली नव्हती, त्यामुळे बाबा जरा गडबडले. "आज कसा काय फोन? मी तर काही..." एवढं म्हणून थांबले.

"बाबा, नीट ऐका. तुमच्या त्या एका सिगरेटपायी सगळ्या वस्तीचा आकडा खोटा ठरतोय. मी इथे जिवाचं रान करतेय आणि तुम्ही रोज त्यावर बोळा फिरवताय. आई कशाने गेली हे विसरलात का?"

हे शेवटचं वाक्य तिला बोलायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

खालून ट्रक गेल्याचा आवाज फोनमधून आला.

"नाही येणार धूर," ते म्हणाले. "काळजी करू नकोस. तुझं काम होऊ दे."

त्या दिवशी त्यांनी जेवलीस का विचारलं नाही. तिला ते फोन ठेवल्यावर जाणवलं. मग दुसरं काम आलं आणि ते मागे पडलं.

बाबांनी शब्द पाळला. नाकाची शिंक कायमची गेली. सकाळी ट्रक वाढले की रेघ चढायची, दुपारी जरा उतरायची, संध्याकाळी पुन्हा चढायची, अगदी पुस्तकात काढावी तशी. दाढीवाला म्हणाला, "सुधारले गं तुझे वडील." तिला अभिमान वाटला. या वयात माणसं सवयी सोडत नाहीत, पण बाबांनी तिच्या एका शब्दावर सोडली. एकदा शांतपणे फोन करून हे त्यांना सांगायचं असं तिने ठरवलं. रविवारी करू म्हणाली. रविवारी कपडे धुवायचे निघाले, पुढच्या रविवारी अहवाल होता. रागवायला कारण उरलं नव्हतं आणि बिनकारणाचा फोन करायची सवय दोघांनाही राहिली नव्हती.

अहवालाच्या बैठकीत मोठ्या बाईंनी तिलाच बोलायला उभं केलं. परगावचे पाहुणे आले होते. तिने भिंतीच्या पडद्यावर बाबांच्या स्टेशनाची ताजी रेघ लावली, त्याच सकाळपर्यंतची. कुठे खोच नाही, कुठे टेंगूळ नाही. "वस्तीतलं स्टेशन कसं असावं, तर असं," ती म्हणाली. "ही रेघ बघून कोणीच म्हणू शकणार नाही, की हा कोणाच्या घरचा धूर आहे. ही रस्त्याची हवा आहे." पाहुण्यांनी माना हलवल्या. मोठ्या बाई चक्क हसल्या. त्या बाई हसल्या म्हणजे काय, हे ऑफिसातल्या लोकांनाच कळेल.

ती जागेवर येऊन बसते न बसते तोच फोन वाजला. बाबांच्या शेजारच्या घरात राहणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या काकूंचा. काकूंचा फोन कधीच येत नसे.

"बाळा, बसली आहेस का?" काकूंनी विचारलं.

काकूंनी काल दुपारी बाबांच्या कडीला पावाची पिशवी अडकवली होती. आज ती तशीच दिसली, म्हणून त्यांनी आपल्याकडच्या किल्लीने दार उघडलं. बाबा गॅलरीत खुर्चीवर होते. डॉक्टर म्हणाले, काल सकाळीच गेले असणार, बसल्या बसल्या, त्रास झाला नसावा.

तिने मान वर केली. पडद्यावर ती रेघ अजून तशीच होती. मोठ्या बाई पाहुण्यांना त्या रेघेवर बोट ठेवून काहीतरी समजावत होत्या. कालच्या सकाळी ट्रक वाढले तशी रेघ चढली होती, दुपारी उतरली होती, संध्याकाळी चढली होती. बाबा त्या नाकापासून हातभर अंतरावर बसले होते, आणि नाकाला काही कळलं नव्हतं. तिलाही नाही. उलट तिने भर सभेत त्याचं कौतुक केलं होतं.

घरी पोचली, सगळं उरकलं, माणसं आली आणि गेली. ती रडली नाही. लोकांना वाटलं, मुलगी खंबीर आहे. ती खंबीर वगैरे काही नव्हती, तिच्या डोळ्यांपुढून ती रेघ हलत नव्हती एवढंच. सगळे गेल्यावर ती स्वयंपाकघरात चहा करायला उभी राहिली. खिडकी उघडायला गेली तर उघडेना. पाहिलं तर चारी बाजूंनी रुंद चिकटपट्टी लावून खिडकी बंद केली होती. कोपऱ्यांत दोन-दोन थर होते. लिफ्टवाल्याचं काम, फट म्हणून राहू दिली नव्हती.

काकू मागे जेवणाचं ताट घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी किती सांगितलं, घुसमटायला होईल, स्वयंपाकाचा वास कोंडतो. तर म्हणाले, नाकाला धूर जायला नको. मुलीचं काम आहे."

"सिगरेट सुटली तरी पाव जळायचाच, म्हणून पट्टी लावली असेल," ती म्हणाली. तिला काहीतरी बोलायचं होतं, म्हणून बोलली.

काकूंनी ताट ओट्यावर ठेवलं. "कसली सिगरेट?"

"ओढायचे ना. गॅलरीत."

"तुझी आई आजारी पडली तेव्हा सोडली ती सोडलीच," काकू म्हणाल्या. "पुन्हा कधी तोंडाला लावली नाही." मग त्या घुटमळल्या. सांगावं की नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. "एक पाकीट मात्र मला आणायला लावलं होतं. मी म्हटलं, या वयात हे काय सुचतंय? तर म्हणाले, ओढायला नकोय. सकाळी एक पेटवायचे, त्या पांढऱ्या डबीपुढे धरायचे जरा वेळ, आणि विझवून ठेवायचे. मी कपडे वाळत घालताना बघायची माझ्या गॅलरीतून. एकदा विचारलं, तुमचं चाललंय काय? म्हणाले, मुलीला हाक मारतोय."

तिने हातातलं चहाचं भांडं ओट्यावर ठेवलं.

"आणि मग फोन यायचा तुझा. त्याआधी शर्ट बदलायचे गं. फोनवर कुठे दिसतं कोणी, पण बदलायचे. तू चांगली ओरडायचीस, माझ्यापर्यंत ऐकू यायचं. आणि ठेवला की मला हाक मारून सांगायचे, आलता लेकीचा फोन."

काकू डोळे पुसत गेल्या. ती तिथेच ओट्याला टेकून खाली बसली आणि मग मात्र रडली. लहानपणी रडायची तशी, आवाज करून. बाबांना तिने गप्प केलं होतं. हाक मारायची एकच रीत त्यांना सापडली होती आणि ती तिने आईचं नाव घेऊन बंद करायला लावली होती. त्यांनी एका शब्दाने खुलासा केला नाही. 'अगं, मी ओढत नाही, तुझा आवाज ऐकायला करतो' असं म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? पण तसं सांगितल्यावर मुलगी कर्तव्य म्हणून फोन करत बसेल, हे त्या माणसाला नको असणार. काम करणाऱ्या माणसाला मधेच थांबवायचं नसतं, ही त्यांची आयुष्यभराची शिस्त होती.

ते पाकीट गॅलरीत, कुंडीमागे सापडलं. एकेक सिगरेट पेटवून, विझवून, पुन्हा पेटवून त्यांनी ते पुरवून पुरवून वापरलं होतं. शेवटची अर्धी उरली होती. शेजारी काडेपेटी.

दुसऱ्या दिवशीची सकाळ होती. खाली ट्रक सुरू झाले होते. नाकातला पंखा आपला फिरत होता. तिने ती अर्धी सिगरेट पेटवली आणि पेटीपुढे धरली, बाबांनी धरली असेल तशी. धूर पेटीच्या खालच्या जाळीतून आत गेला. दुसऱ्या हातात फोन होता. ठिपका पिवळ्याचा लाल झाला, जांभळा झाला. तिने सिगरेट विझवली आणि बाबांच्या खुर्चीवर बसून राहिली. का बसली, हे तिलाही सांगता आलं नसतं. हाक गेली होती, पण ती ऐकून धावत येणारी मुलगी तर इथेच बसली होती.

आणि फोन वाजला.

दाढीवाला होता. "अगं, तुमच्या स्टेशनला शिंक आली आत्ता," तो चाचरत म्हणाला. "म्हटलं, तू तिथे आहेस, तर... बरी आहेस ना?"

इतक्या शिंका आल्या, इतके फोन केले, पण हे तीन शब्द तिने बाबांना एकदाही विचारले नव्हते. काय जाळलंत, हेच विचारलं होतं.

"बरी आहे," ती म्हणाली.

"मग काढून टाकू ती शिंक? नाही, म्हणजे, राहू दे म्हणालीस तर मी बाईंशी बोलतो."

तिने चिकटपट्टी लावलेल्या खिडकीकडे पाहिलं. "काढ," ती म्हणाली. "रस्त्याचा आकडा खरा राहायला हवा. बाबांनी त्यासाठी..."

"काढतो. चल मग, काळजी घे. ठेवू?"

खाली ट्रकांची रांग लागली होती. शेजारच्या गॅलरीत काकू दोरीवर कपडे घालत होत्या. घरात तिच्याशिवाय कोणी नव्हतं, आणि फोन ठेवला की आवाजही राहणार नव्हता. तिने फोन कानाशी घट्ट धरला.

"थांब ना जरा," ती म्हणाली. "तू जेवलास का? आणि आपली लिफ्ट... नीट चालतेय ना रे? मधेच करकरत तर नाही?"